हिशेबाबाहेरची माणसे

(हिरोशिमा दिनाच्या निमित्ताने डिंभे येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



‘युद्धात अण्वस्त्रांचा वापर नैतिक ठरू शकेल काय’ हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. सभा सुरू होण्यापूर्वी एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, “सर, आमच्यापुढे वनहक्काचे दावे आहेत, गाळपेराच्या जमिनीचा प्रश्न आहे, हिरड्याच्या भावाचा प्रश्न आहे. हिरोशिमाचे आम्ही काय करायचे?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे मला बरे वाटत नाही. माझे म्हणणे असे की, अणुबॉम्बच्या समर्थनाच्या मुळाशी जो हिशेब आहे त्याची खोट डिंभ्याच्या माणसाला जितकी चटकन उमगेल तितकी ती दिल्लीच्या विद्वानालाही उमगणार नाही.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. आमच्या शास्त्रात एक प्रसिद्ध कसोटी आहे. काल्डोर आणि हिक्स या इंग्लंडमधील दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९३९ साली ती मांडली. एखाद्या निर्णयाने काहींचा लाभ आणि काहींची हानी होत असेल, आणि लाभ झालेल्यांनी हानी झालेल्यांची भरपाई करूनही काही शिल्लक उरण्यासारखे असेल, तर तो निर्णय समाजाच्या हिताचा समजावा, अशी ती कसोटी. यातली मेख अशी की, भरपाई प्रत्यक्षात दिलीच पाहिजे असे तीत कोठेही म्हटलेले नाही. ती देता येण्याजोगी असली म्हणजे झाले. फळ्यावर हे सूत्र फार सुबक दिसते. ते शिकवताना मीही वर्षानुवर्षे त्या सुबकपणावर खूष होतो, हे आज कबूल केले पाहिजे.

या सूत्राचा प्रत्यक्ष अर्थ आपल्यासमोर पसरलेला आहे. कुकडी प्रकल्पातील या धरणाचे पाणी दूरच्या अवर्षणग्रस्त शेतांपर्यंत गेले. हा लाभ खोटा नाही, आणि तो नाकारण्याचे मला काही कारण नाही. परंतु ज्या आंबेगावाने या तालुक्याला नाव दिले ते गावच पाण्याखाली गेले. घोड नदीच्या खोऱ्यातील महादेव कोळी आणि इतर कुटुंबांची भातखाचरे गेली. बेरीज-वजाबाकी बरोबर असेलही. पण ज्यांच्या नावावर खर्च मांडला त्यांना वही आधी दाखवली गेली नव्हती. तरीसुद्धा धरणग्रस्त जिवंत होते. त्यांना मोर्चे काढता आले, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळावर पेरणी करण्याचा हक्क मागता आला. धरण आणि अणुबॉम्ब यांना मी एका पारड्यात घालत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, हिशेब तोच असतो. बॉम्बच्या बाबतीत मात्र दाद मागायला कोणी उरत नाही.

आता हिरोशिमाकडे वळू. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सव्वाआठ वाजता त्या शहरावर बॉम्ब पडला. वर्षअखेरपर्यंत तेथे सुमारे १,४०,००० माणसे मेली. ९ ऑगस्टला नागासाकीची पाळी आली; तेथील मृतांची संख्या सुमारे ७०,००० धरली जाते. १९४७ साली अमेरिकेचे युद्धकाळातील युद्धमंत्री स्टिमसन यांनी या कृत्याचे समर्थन लिहिले. जपानच्या भूमीवर स्वारी करावी लागली असती, तर एकट्या अमेरिकी सैन्यातच हताहतांची संख्या दहा लाखांवर गेली असती, हा त्यांचा युक्तिवाद पुढे जगभर पाठ झाला. अमेरिकी सरकारनेच नेमलेल्या पाहणी मंडळाने मात्र १९४६ सालीच असा निष्कर्ष काढला होता की, बॉम्ब टाकला नसता आणि स्वारीही केली नसती, तरी जपान त्या वर्षाअखेर शरण आलाच असता. या निष्कर्षावर इतिहासकारांत मतभेद आहेत. ८ ऑगस्टला रशियाने युद्ध पुकारल्याचा परिणाम किती, यावरही आहेत. त्या वादात मी शिरत नाही. स्टिमसन यांचा आकडा मी घटकाभर खरा धरतो.

तो खरा धरला तरी काय सिद्ध होते? त्या सकाळी हिरोशिमाच्या मध्यवस्तीत बारा-तेरा वर्षांची हजारो शाळकरी मुले कामाला लावलेली होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याचे ते काम होते. कोरियातून मजुरीसाठी आणलेली माणसे तेथे होती. जपानने त्यांचा देश गिळला होता, आणि जपानला घडवलेली शिक्षा त्यांनीही भोगली. खुद्द अमेरिकेचे काही बंदिवान सैनिकही त्या बॉम्बने मेले. जी मुले आईच्या पोटात होती, त्यांच्यापैकी काही पुढे जन्मली ती डोक्याची वाढ खुंटलेली. पर्ल हार्बरवर हल्ला करण्याचा निर्णय यांच्यापैकी कोणी घेतला होता? युद्ध थांबवणे यांच्यापैकी कोणाच्या हाती होते? त्यांचे मरण हे इतरांना वाचवण्याचे साधन म्हणून वापरले गेले. सैनिक सैनिकाला मारतो तेव्हा निदान दोघांच्या हाती शस्त्र असते. ज्याच्या हाती काहीच नाही त्याला जाणूनबुजून जाळून त्याच्या राजाला नमवणे, याला ओलीस मारणे म्हणतात. ओलिसांची संख्या लाखात गेली म्हणून त्या कृत्याला दुसरे नाव मिळत नाही.

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी मत दिले की, अण्वस्त्रांचा वापर युद्धविषयक मानवी कायद्याच्या सर्वसाधारणपणे विरुद्ध ठरेल. मात्र राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागले असेल अशा आत्मसंरक्षणाच्या प्रसंगी काय, याचा निर्णय न्यायालयाला करता आला नाही. सात विरुद्ध सात अशी समान मते पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने तो ठराव संमत झाला. कायद्याने जी फट ठेवली, तिच्यातूनच प्रत्येक राष्ट्र आपला बॉम्ब आत आणते. आपण बॉम्ब टाकतो ते अस्तित्वासाठी, असे कोणते राष्ट्र म्हणणार नाही?

आपल्या देशाने ४ जानेवारी २००३ रोजी आपले धोरण जाहीर केले. प्रथम वापर करणार नाही, ही त्यातील प्रतिज्ञा स्वागतार्ह आहे, आणि तिच्याशी खेळ होता कामा नये. ऑगस्ट २०१९ मध्ये पोखरणच्याच भूमीवर संरक्षणमंत्र्यांनी ‘पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून’ अशा आशयाचे उद्गार काढले, तेव्हा आपण पुरेसा आवाज उठवला नाही. परंतु त्याच धोरणाचा दुसरा भाग आपण वाचतच नाही. आपल्यावर अण्वस्त्राचा हल्ला झाल्यास प्रचंड प्रमाणावर, असह्य हानी करणारा प्रत्याघात केला जाईल, असे तेथे लिहिले आहे. कोणावर? मुंबई जळाल्यावर कराची जाळल्याने मुंबईतील एकही मूल परत येणार नाही. ज्या हुकूमशहाने किंवा सेनापतीने कळ दाबली तो बहुधा भुयारात सुरक्षित असेल. मरतील ते गोदीतले हमाल, गिरणीतले कामगार. आजही त्या शहरात मराठी बोलणारी मोजकी कुटुंबे आहेत, तीही मरतील. आणि वाऱ्यावरून येणारी किरणोत्सारी धूळ सरहद्दीवर पारपत्र दाखवण्यासाठी थांबणार नाही.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. अश्वत्थाम्याचा बाप कपटाने मारला गेला होता. त्याचा राग खरा होता, त्याच्यावर झालेला अन्यायही खरा होता. त्याने झोपलेल्यांना मारले, आणि पुढे पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर अस्त्र सोडले. अर्जुनाने आपले अस्त्र आवरले. अश्वत्थाम्याला ते आवरता आले नाही. महाभारतकाराने त्याच्या रागाची कारणे लपवली नाहीत, तरी त्याला क्षमाही केली नाही. आपल्या खेड्यापाड्यांतून कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आजही आजीच्या गोष्टीत येतो. सूड कितीही सकारण असला तरी गर्भातल्या मुलापर्यंत त्याला जाता येत नाही, एवढे शहाणपण या देशातील निरक्षर आजीला ठाऊक आहे.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, बॉम्ब वापरण्यासाठी नसतोच, तो धाकासाठी असतो. परंतु धाक खरा ठरायचा तर वापरण्याची तयारीही खरी असावी लागते. जे करणे पाप आहे ते करण्याची रोज तयारी ठेवणे पुण्य कसे होईल? आणि धाकाने युद्ध टळते म्हणावे, तर मे १९९८ मध्ये दोन्ही देशांनी स्फोट केले आणि वर्षभरातच कारगिलचे युद्ध झाले. त्यात आपले ५२७ जवान कामी आले. मे २०२५ मध्ये पुन्हा चार दिवस विमाने, क्षेपणास्त्रे, ड्रोन वापरले गेले. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार तेव्हा भारताकडे सुमारे १८० व पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रे होती. त्या दिवसांत एस.टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर ‘टाका एकदाचा’ असे म्हणणारी भली माणसे आपण सर्वांनी ऐकली. आपल्यापैकी किती जणांनी त्यांना तेथेच उत्तर दिले?

दुसरा आक्षेप विषमतेचा. बड्या राष्ट्रांनी बॉम्ब बाळगावेत आणि इतरांना बंदी करावी, हा १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराचा न्याय आहे, आणि तो अन्याय आहे, यात शंका नाही. समाजवाद्याला हा आक्षेप भिडतो. परंतु गावात सावकारी माजली म्हणून आपणही एक खतावणी घालून बसावे, हा समतेचा मार्ग नव्हे. २०१७ साली १२२ राष्ट्रांनी अण्वस्त्रे सर्वांनाच निषिद्ध करणारा करार संमत केला; २२ जानेवारी २०२१ पासून तो अमलात आहे. विषमतेवरचा खरा उतारा तो आहे. भारत त्या वाटाघाटींतही सामील झाला नाही.

आता थोडे आपल्या घराबद्दल. विसाव्या शतकाने गांधी आणि अणुबॉम्ब या दोन नव्या गोष्टी जगाला दिल्या आणि त्यांतील एकच टिकेल, असा विचार डॉ. लोहियांनी मांडला होता. १८ मे १९७४ रोजी पहिला स्फोट झाला तेव्हा देशात रेल्वे कामगारांचा संप चालू होता आणि त्या संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात होते. चोवीस वर्षांनी दुसरे स्फोट झाले तेव्हा तेच जॉर्ज देशाचे संरक्षणमंत्री होते. एका व्यक्तीला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. आयुष्यभर बॉम्बला विरोध केलेला माणूस सत्तेच्या वहीत कसा ओढला जातो, हे आपण आपल्याच इतिहासातून शिकले पाहिजे. आणि त्याच चळवळीच्या दुसऱ्या टोकाला, ११ मे १९९९ रोजी पोखरणहून निघून ६ ऑगस्टला सारनाथला पोहोचलेली पदयात्राही आहे. तीही आपलीच.

माझे म्हणणे विज्ञानाविरुद्ध आहे असा समज कोणी करून घेऊ नये. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या आहेत. होमी भाभांनी स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती दुर्बीण उभारली. विश्वाच्या बाल्यावस्थेतील हायड्रोजनचा क्षीण संदेश ऐकणे हे तिचे एक उद्दिष्ट. त्याच हायड्रोजनचा बॉम्बही होतो. आणि त्याच संस्थेत गणित करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी जागतिक शांतता चळवळीत उघडपणे उभे राहिले होते. काय ऐकायचे आणि काय जाळायचे, हे विज्ञान ठरवीत नाही. ते माणसांना ठरवावे लागते.

मित्रहो, या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचे नाव आहे. याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा हा मुलगा मुंबईत गिरणी कामगार झाला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे तो आडवा झाला, आणि ती त्याच्या अंगावरून गेली. अन्यायाशी लढताना किंमत कोणी मोजायची, याचे त्याने दिलेले उत्तर सरळ होते: ती मी मोजीन. बॉम्बचे उत्तर याच्या नेमके उलट आहे. निर्णय माझा, किंमत मोजायची परक्या शहरातल्या, मला कधीही न दिसणाऱ्या मुलाने. या दोन उत्तरांमध्ये तिसरी जागा मला सापडलेली नाही.

म्हणून पक्षाने तीन मागण्या स्पष्टपणे कराव्यात, असे मी सुचवतो. प्रथम वापर न करण्याची प्रतिज्ञा संसदेच्या कायद्याने बांधली जावी. शहरांवरील प्रत्याघाताची भाषा धोरणातून काढून टाकावी. आणि २०१७ च्या करारात सामील होण्यासाठी भारताने पाकिस्तान व चीनसह सर्व अण्वस्त्रधारी राष्ट्रांना जाहीर आवाहन करावे. आणि आपण स्वतः, चहाच्या टपरीवर कोणी ‘टाका एकदाचा’ म्हणाला, तर गप्प बसू नये. रागावू नये, पण गप्पही बसू नये.

त्या तरुण मित्राला माझे उत्तर एवढेच आहे. आपल्याला न विचारता आपले गाव ज्यांनी खर्ची टाकले त्यांच्याविरुद्ध तुम्ही लढता, ते योग्यच करता. पण ज्याला स्वतःचे गाव खर्ची पडल्याची खंत आहे, त्याला दुसऱ्याचे शहर खर्ची टाकण्याला संमती देता येणार नाही.