झाडाचे वय



रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणात झाडांचा विषय येतो. जहाजांना लाकूड हवेच. पण सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे आणि आंबा-फणसाला हात लावू नये, असे तेथे बजावले आहे. कारण मोठे व्यवहाराचे आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन तोडावे.

अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा विचार, म्हणजे झाडाचे मोल त्याच्या वयात असते हा, महाराष्ट्राच्या कायद्यात यायला २०२१ साल उजाडले. शहरांतील वृक्षांचा कायदा १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाचा वृक्ष ‘वारसा वृक्ष’ ठरला आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावण्याचे बंधन आले. ऐंशी वर्षांच्या वडापोटी ऐंशी रोपे!

पण रत्नागिरीत ही ऐंशी रोपे लावायची कोठे? शहराच्या कडेला मोकळा उरला आहे तो सडा. तेथे जांभ्यावर मातीचा पातळ थर असतो. पावसाळ्यात सारे हिरवेगार दिसते, छायाचित्रेही सुंदर येतात. फाल्गुनात तोच कातळ तापतो आणि पाणी घालणारा नसेल तर रोप जळून जाते. खोल माती होती ती खालच्या वाड्यांत, नारळी-पोफळीच्या आगरांत. इमारती उभ्या राहतात त्या तेथेच.

तोडण्याहून वाईट प्रकार आणखी एक आहे. गटारासाठी चर खणताना एका बाजूची मुळे कापली जातात, मग बुंध्याला भिडवून काँक्रीट ओतले जाते. पुढे वादळात झाड कलंडते, तेव्हा दप्तरी नोंद होते ‘धोकादायक वृक्ष’ अशी. धोका कोणी निर्माण केला, याचा रकाना त्या कागदावर नसतो.

विकास थांबवावा असे येथे कोणीच म्हणत नाही. रत्नागिरीच्या मिऱ्याहून निघणारा नागपूर महामार्ग आंबा घाट चढून पुढे मिरज तालुक्यातील भोसे गावाजवळून जातो. तेथे सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड त्याच्या आड येत होता. २०२० साली ग्रामस्थ व वृक्षप्रेमी उभे राहिले, राज्य व केंद्र शासनाने लक्ष घातले आणि आखणीत बदल झाला. रस्ता अडला नाही. मात्र त्या वडाचे वय गावाला तोंडपाठ होते.

रत्नागिरीतील किती वृक्षांबद्दल असे सांगता येईल? दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे कायद्यानेच बंधनकारक आहे. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते. जुन्या आळ्यांतील आजी-आजोबांना कोणता पिंपळ कोणाच्या मुंजीच्या वर्षी लावला, हे अजून आठवते. ती नोंद नगर परिषदेच्या गणनेत जावी, आणि झाडावर तोडीची नोटीस लागण्याच्या आधी जावी.