मनोरे वाढले, माईक कमी झाले



शाल झाली, नारळ झाला, आता बोलण्याचे काम उरले. रेडिओवाल्यांच्या संमेलनात अध्यक्षाला एक वेगळीच धास्ती असते. समोरच्या प्रत्येकाला सेकंदकाट्यावर नजर ठेवण्याची सवय असते. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

28 एप्रिल 2023 रोजी देशात एकाच दिवशी शंभर वॉटचे 91 एफएम प्रक्षेपक सुरू झाले. 84 जिल्हे आणि सुमारे दोन कोटी नवे श्रोते कक्षेत आले, असे सांगण्यात आले. त्याच वर्षी जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या सुविधांसाठी अडीच हजार कोटींहून मोठी योजना मंजूर केली होती. बातमी आनंदाचीच. पण शंभर वॉटचा प्रक्षेपक म्हणजे काय, हे या सभागृहात मी समजावून सांगायला नको. एक मनोरा, एक छोटी खोली, आणि दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जाणारा आवाज. तिथे स्टुडिओ नाही, निवेदक नाही. दुसऱ्या केंद्रावरून आलेले जसेच्या तसे पुढे सोडायचे. आपल्या भाषेत, सहक्षेपण.

आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा निर्णय झाला. पुणेकरांनी ओरड केली, लोकप्रतिनिधी बोलले, निर्णयाला स्थगिती मिळाली. पुणे मोठे, म्हणून ओरड दिल्लीपर्यंत पोचली. बीडची किंवा धुळ्याची पोचली असती का, याची मला शंका आहे. दोन महिन्यांच्या आत घडलेल्या या दोन गोष्टी शेजारी मांडल्या, की माझे म्हणणे निम्मे सांगून होते. ऐकवण्याची सोय वाढते आहे, आणि बोलण्याची जागा आकसते आहे.

सांगलीचे केंद्र 1963चे, रत्नागिरीचे 1977चे. पुढे 1984मध्ये तमिळनाडूत नागरकोइलला देशातले पहिले स्थानिक केंद्र निघाले आणि त्या धोरणातून आपल्याकडेही नगर, सातारा, बीड, धुळे, नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर अशी जिल्ह्याची केंद्रे आली. त्यामागची कल्पना साधी होती. जिल्ह्याने जिल्ह्याशी बोलावे. सोयाबीनवर कोणती अळी पडली, हे यवतमाळच्या शेतकऱ्याला यवतमाळच्याच माणसाने सांगावे, आणि ते सांगताना 'करून राह्यलो' म्हटले तरी कुणी टेप थांबवू नये.

व्यंकटेश माडगूळकर 1955पासून पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम पाहत होते. त्याच वर्षी, त्याच केंद्रावरून त्यांच्या थोरल्या भावाचे 'गीतरामायण' सुरू झाले. आपण प्रत्येक समारंभात गीतरामायणाचे नाव घेतो. घ्यावेच. मात्र धाकट्या भावाच्या कामाचे मोल मला त्याहून कमी वाटत नाही. ज्याने आयुष्यात कधी माईक पाहिला नाही, त्याला त्याच्या बांधावर बोलते करायचे, त्याचा 'म्हंजे' आणि 'तर मंग' ठेवायचा, पाल्हाळ तेवढा कापायचा, आणि तरी माणूस त्याचा तोच राहिला पाहिजे. हे गद्याचे काम आहे. मराठी ग्रामीण कथेवर आपण प्रबंधांवर प्रबंध लिहिले. जिल्ह्याच्या बोलीला रोज सायंकाळी अर्धा तास जाहीर व्यासपीठ देणाऱ्या या गद्यावर किती लिहिले?

सहक्षेपणाचे तास वाढले, की पहिला घाव यावरच पडतो. चित्रपटगीतांचे काही बिघडत नाही, ती कुठूनही लावता येतात. बंद पडते ते फिरते ध्वनिमुद्रण. गाडी नाही, डिझेल नाही, कार्यक्रम अधिकारी निवृत्त झाले आणि जागा भरली नाही. मग महिन्याकाठी मोजक्या ड्युट्यांवर येणारे नैमित्तिक निवेदक केंद्र चालवतात. यातले कितीतरी जण इथे बसले आहेत. वीस-वीस वर्षे 'नैमित्तिक' राहण्याची किमया फक्त सरकारी भाषेतच घडू शकते.

खासगी वाहिन्यांकडे वळतो. 'आरजेंची मराठी बिघडली' हा आपल्या संमेलनांचा आवडता परिसंवाद. माझी त्याविषयी फार तक्रार नाही. कोल्हापूरच्या मुलीने कोल्हापूरच्या टेचात हिंदी-इंग्रजी मिसळले, तर ती निदान कोल्हापूरची असते. तक्रार आहे ती नियमांची. 2011च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने कंपनीला आपल्या साखळीतल्या वाहिन्यांवर देशभर एकच कार्यक्रम लावायची मुभा दिली. पैसे वाचतात, म्हणून कंपन्या ती वापरतात, त्यांना दोष कसा देणार? पण मग गावाचे नाव फक्त जिंगलमध्ये उरते.

दुसरा नियम अधिक विचित्र आहे. देशात खासगी एफएम 2001 पासून आहे, आणि आजतागायत तिला स्वतःची बातमी देता येत नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र काना-मात्रा न बदलता लावा, एवढीच सवलत. हवामान, वाहतूक, प्रशासनाने दिलेली आपत्तीची माहिती चालते. म्हणजे पंचगंगेची पातळी किती फुटांवर गेली, हे सांगता येते. धरणाचे दरवाजे उघडायला उशीर का झाला, हे विचारता येत नाही. त्याच गावातले वर्तमानपत्र ते विचारते, मोबाईलवरचा कुणीही हौशी पत्रकार विचारतो. परवाना घेऊन, शुल्क भरून बसलेला रेडिओ तेवढा गप्प. सप्टेंबर 2023मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने तासाला दहा मिनिटे बातम्यांना परवानगी द्यावी, अशी शिफारस केली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये 234 नव्या शहरांत 730 वाहिन्यांच्या लिलावाला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मातृभाषेतल्या स्थानिक आशयाला त्यामुळे चालना मिळेल, असेही सांगितले गेले. बातमीवाचूनचा स्थानिक आशय म्हणजे नेमके काय, हे मला अजून उमगलेले नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा?

आशा वाटावी अशी ठिकाणेही आहेत. 2006च्या धोरणाने सामुदायिक रेडिओ स्वयंसेवी संस्थांना खुला झाला. माणच्या दुष्काळी पट्ट्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे, जत तालुक्यात जालिहाळला 'येरळावाणी' आहे. जतमध्ये मराठी आणि कन्नड एकाच चावडीवर बोलल्या जातात; तिथल्या केंद्राला दोन्ही कान ठेवावे लागतात. मुंबईहून सोडलेल्या कुठल्याही सहक्षेपणाला हे जमणारे नाही. पण या केंद्रांना जाहिरातीचा सरकारी दर दहा सेकंदांना 52 रुपये होता, तो 2024मध्ये 74 केला. वीजबिल, सॉफ्टवेअर, दोन माणसांचे मानधन यातून कसे भागवायचे, ते म्हसवड-जालिहाळच्या लोकांना विचारा. बातमीची बंदी त्यांनाही आहेच.

एक गोष्ट राहिली, आणि ती आपल्याच हातातली आहे. टेप महाग होती त्या काळात स्पूल पुसून पुन्हा वापरायची पद्धत सर्रास होती. किती शाहीर, किती भारुडे, किती सुईणी आणि वैदू असे पुसले गेले, याची मोजदाद नाही. जे उरले, त्यातले बरेच तुमच्या-माझ्या घरात कॅसेटवर आहे. निवेदकाने हौसेने करून घेतलेली प्रत, लेखकाला मिळालेली प्रत. कॅसेटला बुरशी लागते. घरी गेल्यावर कपाट उघडा आणि कोणत्या कॅसेटवर कोण आहे, एवढे तरी वहीत लिहून काढा.

उद्याच्या ठरावाचा मसुदा मी सचिवांकडे दिला आहे. मूळ मसुद्यात अकरा मागण्या होत्या. अकरा मागण्यांचा ठराव फायलीत जातो, म्हणून दोनच ठेवल्या. प्रत्येक जिल्हा केंद्रावर रोज किमान चार तास तिथेच तयार झालेला कार्यक्रम असावा आणि तो करणाऱ्या नैमित्तिक निवेदकांना लेखी, मुदतीचा करार मिळावा. आणि खासगी असो वा सामुदायिक, स्थानिक वाहिनीला स्थानिक बातमी देता यावी. चार तास कमी वाटत असतील तर सहाची दुरुस्ती सुचवा. तीन करा म्हणणाऱ्यांनी मात्र, कोणता तास सोडायचा, शेतीचा, बायकांचा की मुलांचा, ते उभे राहून सांगावे.