सूर्याला छत्री धरली तर पावसाचे काय?



आजचा विषय पेरणीचा नाही, खताचाही नाही. पण पेरणी ज्याच्यावर उभी आहे त्या पावसाचा आहे. वर्तमानपत्रात अधूनमधून एक जड शब्द येतो, सौर भू-अभियांत्रिकी. शब्दाला घाबरू नका. अर्थ सोपा आहे. पृथ्वी तापू लागली आहे. तेव्हा सूर्याचे थोडे ऊन वरच्या वर अडवावे आणि तिला गार ठेवावे, असा हा बेत आहे.

ऊन अडवणार कसे? आभाळात खूप उंच, ढगांच्याही वर, विमानांनी गंधकाचा वायू सोडायचा. द्राक्षावर भुरी आली की तुम्ही गंधक मारता ना? तेच हे गंधक. वर गेल्यावर त्याचे अगदी बारीक कण होतात. वारा ते कण पसरवतो. मग पृथ्वीवर विरळ धोतर वाळत घातल्यासारखा पडदा होतो आणि थोडे ऊन आल्या वाटेने परत जाते.

कृत्रिम पाऊस तो हा नव्हे. आपल्या सरकारने २००३ साली आणि पुन्हा २०१५ साली विमानाने ढगांत फवारणी केली होती. ती आलेल्या ढगांपुरती असते. आज आम्ही सांगतो आहोत ते काम साऱ्या पृथ्वीचे आहे.

हे होऊ शकते का? होऊ शकते. निसर्गाने ते करून दाखवले आहे. १९९१ सालच्या जून महिन्यात फिलिपाईन्स देशात पिनाटुबो नावाचा ज्वालामुखी फुटला. त्यातून दीड ते दोन कोटी टन गंधकाचा वायू उंच आभाळात गेला. पुढच्या वर्षी साऱ्या जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. म्हणून २००६ साली पॉल क्रुट्झेन या नोबेल पारितोषिक मिळालेल्या शास्त्रज्ञाने लिहिले की, वेळ आलीच तर माणसानेही असे करण्याचा अभ्यास करून ठेवावा.

इथपर्यंत सगळे छान वाटते. पण पिनाटुबोनंतरच्या त्याच वर्षी जगभर जमिनीवरचा पाऊस घटला. नद्यांनी समुद्रात कमी पाणी नेले. त्या सुमारास प्रशांत महासागरातले पाणी तापले होते, त्यानेही पाऊस घटतो. पण त्याचा वाटा वजा केला तरी तूट उरलीच.

गारवा आला तर पाऊस वाढायला हवा, असे आपल्याला वाटते. मग उलटे का झाले?

घरातले वाळवण आठवा. कडक उन्हात पापड दिवसभरात वाळतात. आभाळ भरून आले की दोन दिवस गेले तरी ओलसरच. म्हणजे पाणी वर उचलून नेण्याचे काम ऊन करते. ऊन कमी झाले तर समुद्रातून वाफ कमी उठणार. वाफ कमी, म्हणजे ढगांना माल कमी.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. वैशाखात भर दुपारी नदीच्या वाळूत अनवाणी उभे राहून बघा. पाय भाजतात. तिथेच दोन पावलांवर पाणी गार असते. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते. उन्हाळ्यात आपला देश असा तव्यासारखा तापतो आणि समुद्र त्या मानाने गार राहतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा धावत येते. हाच आपला नैर्ऋत्येचा पावसाळा. आता वर पडदा धरला तर काय होईल? तापायला लवकर तशी गार व्हायलाही जमीनच लवकर. जमीन आणि समुद्र यांच्यातला फरक कमी झाला की वाऱ्याची ओढ ढिली पडते.

याचा एक जुना पुरावा आहे. १७८३ सालच्या जून महिन्यात उत्तरेकडच्या आइसलँड बेटावर लाकी नावाच्या ठिकाणी जमीन फाटली आणि आठ महिने धुमसत राहिली. बारा कोटी टनांच्या आसपास गंधकाचा वायू बाहेर पडला. युरोपात दिवसा सूर्य लाल आणि निस्तेज दिसे. पण मोठी झळ बसली ती कुठे? सुमारे पाच हजार किलोमीटर दूरच्या इजिप्तला! तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्या काळी सारी शेती नाईल नदीच्या पुरावर चाले आणि तो पूर येई इथिओपियाच्या डोंगरांत पडणाऱ्या पावसाने. त्या वर्षी तिकडचा पावसाळा बारगळला, नाईल चढलीच नाही. पुढच्या वर्षीही पूर कमीच आला. व्होल्ने नावाचा एक फ्रेंच प्रवासी तेव्हा तिकडे होता. त्याने लिहून ठेवले आहे की, देशातली सहांतली एक वाटा माणसे मेली किंवा देशोधडीला लागली. नाईलकाठच्या त्या शेतकऱ्यांनी आइसलँडचे नावसुद्धा ऐकले नसेल.

त्याच सुमारास उत्तर हिंदुस्थानात चालीसा नावाचा भयंकर दुष्काळ पडला. विक्रम संवत १८४० चा, म्हणून चालीसा. काही अभ्यासक तोही लाकीशी जोडतात, काही दुसरी कारणे सांगतात. तेव्हा तो आम्ही पुराव्यात धरत नाही.

लाकी होता उत्तर गोलार्धात. याला फार अर्थ आहे. पावसाचा पट्टा गुरासारखा असतो, जिकडे ऊब तिकडे सरकतो. पृथ्वीचा उत्तरेकडचा अर्धा भाग गार केला तर पट्टा दक्षिणेला जातो. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या खाली साहेल नावाचा मुलूख आहे. तिथले लोक आपल्यासारखीच बाजरी आणि ज्वारी पिकवतात. इंग्लंडच्या हवामानशास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवले की, साहेलमधल्या विसाव्या शतकातल्या सर्वांत कोरड्या चार हंगामांपैकी तिन्हींच्या आधी उत्तर गोलार्धात मोठा ज्वालामुखी फुटला होता. गंधक नुसते उत्तरेकडे फवारले तर साहेल वाळेल आणि नुसते दक्षिणेकडे फवारले तर साहेल हिरवा होईल, असे त्यांचे गणित सांगते. पण मग अटलांटिक महासागरात अमेरिकेच्या बाजूला वादळे वाढतील, हेही पुढे दिसले. एकाच्या शेताला पाणी, तर दुसऱ्याचे छप्पर उडाले.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गोविंदसामी बाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या पावसासाठी हाच हिशेब केला. त्यांनाही तेच दिसले. पडदा उत्तरेकडे धरला तर भारताचा पावसाळा घटतो, दक्षिणेकडे धरला तर वाढतो. दोन्हीकडे सारखा धरला, हात राखून धरला, तर घट थोडी राहील असे काही शास्त्रज्ञ म्हणतात. थोडी म्हणजे किती, हे मात्र शेतकऱ्याच्या मापाने मोजावे लागेल. देशभराची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटीमीटर आहे. त्यात दहा टक्क्यांहून जास्त तूट आली की हवामान खाते ते वर्ष तुटीचे धरते. सोळा आण्यांत दोन आणेही तूट नाही ती! आणि देशाची सरासरी भरली म्हणून माणदेशाचे तळे भरतेच असे नाही.

हे वाचून या शास्त्रज्ञांना कोणी वेडे म्हणू नये. पृथ्वी तापते आहे तीही पाऊस बिघडवूनच. मध्य भारतात एकदम मोठ्या मुलखावर कोसळणारे पाऊस १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढले, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. रोग खरा आहे. औषधाचे काय, एवढाच प्रश्न आहे. शिवाय हे औषध दर वर्षी घ्यावे लागते, कारण कण वर्षा-दोन वर्षांत खाली येतात. धूर ओकणे चालू ठेवून मध्येच फवारणी थांबवली, तर इतक्या वर्षांची अडवलेली उष्णता थोड्या वर्षांत अंगावर येईल.

मग फवारायचे की नाही, हे ठरवणार कोण? २०२२ साली एका अमेरिकन कंपनीने मेक्सिकोत गंधकाचे फुगे कोणाला न विचारता सोडले. मेक्सिको सरकारने पुढच्या जानेवारीत अशा प्रयोगांना बंदी घालू म्हणून जाहीर केले. २०२१ साली स्वीडनमध्ये एका अमेरिकन विद्यापीठाला नुसते यंत्र वर नेऊन तपासायचे होते. तिथल्या सामी लोकांनी, म्हणजे रेनडिअर हरणांचे कळप पाळणाऱ्यांनी, हरकत घेतली आणि ते थांबले. आम्हाला यात नवल वाटते ते असे की, गुराखी लोकांनी पत्र लिहिले आणि विद्यापीठाला ते ऐकावे लागले.

२०२४ सालच्या फेब्रुवारीत नैरोबी शहरात संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली. स्वित्झर्लंडने या विषयावर ठराव आणला. आफ्रिकेतल्या देशांना हे तंत्र वापरूच नये असे हवे होते, इतर काही देशांना ते मान्य नव्हते. एकमत झाले नाही, ठराव मागे घेतला गेला. फक्त याच कामासाठी केलेला आणि सगळ्या देशांना बांधणारा कायदा अजून झालेला नाही.