हातचा कोणी धरावयाचा?



बारामती-इंदापूरच्या मंडळींपुढे यंत्राच्या भाषेविषयी बोलावयाचे, तर आम्ही वजनकाट्यापासूनच आरंभ करतो. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, कोणत्याही कारखान्यावर उसाची गाडी आधी भरलेली तोलतात, मग रिकामी. वजाबाकी उरेल तो ऊस. इलेक्ट्रॉनिक काट्यात ही वजाबाकी यंत्र करते. समजा, त्याच्या पोटात 1980 साली निघालेल्या इंटेल 8051 च्या घराण्यातील चिप आहे. तिच्या एका घरात 255 पर्यंतचाच आकडा मावतो. 24,600 किलो दोन घरांत विभागून ठेवावे लागतात.

असेंब्ली भाषेत हा सारा व्याप आपण सांभाळावयाचा. जुना हातचा पुसा, खालच्या घराची वजाबाकी करा, मग हातच्यासह वरच्या घराची. या चिपची वजाबाकीची आज्ञा हातचा नेहमीच हिशेबात घेते. पुसावयाचे राहिले आणि मागचा हातचा शिल्लक असला, की उत्तर एकाने कमी. एक किलो कोण पाहतो म्हणा. पण ते ज्याचे गेले त्यास कळणारही नाही!

सी भाषेत 'निव्वळ बरोबर भरलेले वजा रिकामे' अशी एकच ओळ पुरते. हातच्याची काळजी कंपायलर वाहतो. उद्या निराळ्या जातीची चिप आली, तर असेंब्लीतले लिखाण नव्याने करावे लागते. सीमधली ही ओळ तशीच राहते, कंपायलर तेवढा बदलावा लागतो. बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा गाभा 1973 साली सीमध्ये लिहिला गेला आणि पुढे ती प्रणाली इतर यंत्रांवर नेता आली, ती बरीचशी याच सोयीमुळे. अगदी आरंभीच्या काही आज्ञा मात्र तिथेही असेंब्लीतच राहिल्या.

मग सी शिकणाऱ्याने चिप ओळखू नये काय? तसे नव्हे. काट्याचा आकडा ज्या पत्त्यावर येतो, तो पत्ता सीमध्येही थेट गाठता येतो. हिशेबाच्या पुष्कळ भाषा तो झाकून ठेवतात. या मोकळिकीबरोबर जोखीमही येते. अशा लहान चिपवर सीचा साधा पूर्णांक दोन घरांचा असतो, त्यात 32,767 च्या पुढचा आकडा मावत नाही. 34,000 किलोची गाडी काट्यावर चढली, की तिचे वजन उणे 31,536 ठरते. 'हा आकडा उणे कधीच नसतो' असे आधी लिहून ठेवले, तर त्याच दोन घरांत 65,535 पर्यंत मजल जाते. तेवढे लिहिणे कंपायलरच्या हाती नाही.