पसारा आणि श्रम



कामगार संघटनेच्या माणसाने मजुरीवर बोलावे, संपावर बोलावे. दुकान आवरण्याचा विषय त्याने कशाला घ्यावा, असे आपल्याला वाटले असेल. परंतु पसारा मालकाचा असतो आणि त्याची किंमत नोकर मोजतो, हे आम्ही आयुष्यभर पाहत आलो आहोत.

तरुणपणी आम्ही एका वर्कशॉपात हाताखाली काम करीत होतो. एके दिवशी एक पाना सापडेना. संशय आमच्या जोडीच्या पोरावर गेला. त्याचे पैसे कापले, आणि अपमान सहन न होऊन त्याने काम सोडले. पुढे दिवाळीची साफसफाई निघाली, तेव्हा तो पाना भंगाराच्या ढिगामागे निघाला. पोराला परत बोलवायला मात्र कोणी गेले नाही. आम्हीही गेलो नाही.

जुना छापखाना आठवा. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर काढला, त्याच्या सुबक टायपाची कीर्ती सर्वत्र झाली. मराठी जुळवायची म्हणजे काना, मात्रा, जोडाक्षरे मिळून शेकडो प्रकारचे खिळे. वारंवार लागणाऱ्या अक्षराचा खण हाताशी, क्वचित लागणाऱ्याचा दूर. छपाई आटोपली की प्रत्येक खिळा पुन्हा आपल्या खणात. म्हणून कंपोझिटरचा हात न पाहता चाले. हुशारी त्याची होतीच; पण खण ठरलेला नसता, तर ती शोधाशोधीतच संपली असती.

जपानी कारखान्यांनी हीच गोष्ट पाच शब्दांत बांधली : नको ते निवडून काढणे, हवे ते जागी मांडणे, झाडणे, ती घडी टिकवणे आणि ती अंगवळणी पाडणे. पहिल्या तीन गोष्टी आपण दिवाळीला करतो. उरलेल्या दोन राहतात, म्हणून संक्रांतीपर्यंत दुकान पुन्हा जैसे थे!

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने जाण्यायेण्याच्या वाटा मोकळ्या ठेवण्यास सांगितले. लहान दुकाने बहुधा त्या कायद्याबाहेर राहिली. पण पायात तार अडकली, तर हाड कायदा विचारून मोडत नाही.

आपल्या लोहाऱ्यात वेल्डिंगवाल्याने एवढेच करावे : भिंतीवरील फळीला खिळे ठोकून प्रत्येक हत्याराची आकृती रंगवावी. जागा रिकामी दिसली की काय हरवले ते लगेच कळते. कोणाच्या इमानावर बोट ठेवावे लागत नाही. किराणावाल्याने जुना माल पुढे, नवा मागे लावावा. आणि सर्वांनीच जड वस्तू खाली ठेवाव्यात, दारापुढे पोती रचू नयेत. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्या सास्तूर-लोहारा भागाने पाहिली, त्याला डोक्यावरचे ओझे म्हणजे काय हे आम्ही काय सांगावे?

एक इशारा मालकमंडळींना. दुकान लावताना नोकराला विचारा. हात त्याचा चालतो. खण कुठे हवा हे त्यालाच ठाऊक. आणि आवराआवरीचा वेळ कामाच्या वेळात धरा. शटर ओढल्यावर फुकट झाडून घेतलेले दुकान स्वच्छ दिसेल, पण व्यवहार स्वच्छ राहणार नाही.

उद्या सकाळी एकच कोपरा आवरून पाहा. हरवलेला एखादा पाना सापडेल. तो सापडला, तर ज्याच्यावर संशय घेतला होता, त्याच्या घरी अवश्य जा.