आइसलंडची मोटारयात्रा : निघण्यापूर्वीं

आइसलंडच्या किनाऱ्याकिनाऱ्यानें सगळ्या देशाला वळसा घालणारा जो राजमार्ग आहे, तो पुरा झाला १९७४ सालीं. त्यापूर्वीं हें बेट मोटारीनें वर्तुळाकार हिंडून येणें शक्यच नव्हतें. कारण दक्षिणेस हिमनद्यांनीं वाहून आणलेल्या काळ्या वाळूचें अफाट मैदान पसरलें आहे, आणि तेथील नद्या आपलें पात्र मनास येईल तसें बदलीत असतात. त्या मैदानावर पूल झाले तेव्हां वर्तुळ जुळलें. पुढें १९९६ च्या नोव्हेंबरांत, हिमाखालीं झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकाचें सांचलेलें पाणी एकाएकीं लोटलें व या पुलांची मोठी मोडतोड झाली. पिळवटलेल्या लोखंडी तुळया रस्त्याकडेला अजूनहि ठेवलेल्या आहेत. जेथें निसर्ग असा दांडगा, तेथें भाड्याची मोटार घेऊन पहिल्यानेंच जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबानें पूर्वतयारी काय करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

सारा वळसा सुमारें १,३२० किलोमीटरांचा. मुंबईहून दिल्लीस जाण्याहून हें अंतर थोडें कमीच, म्हणून उत्साही मंडळी चार दिवसांत तें उरकण्याचा बेत करतात. हा बेत वेडेपणाचा होय. डांबरी रस्त्यावर ताशीं ९०, खडीच्या रस्त्यावर ८० व गांवांत बहुधा ५० किलोमीटर ही वेगाची कमाल मर्यादा. आणि वारा सुटला म्हणजे तीहि गांठतां येत नाहीं. शिवाय धबधबे व हिमनद्या पाहण्यासाठींच गेलेल्या माणसानें दिवसभर चाकाशीं बसून काय मिळवावयाचें? नऊ-दहा दिवस हातीं असतील तर वळसा घ्यावा, नाहीं तर दक्षिण किनाराच निवांत पाहावा. ऋतु मात्र उन्हाळ्याचा असावा. जूनमध्यें रात्र अशी काळोखी होतच नाहीं. उलट डिसेंबरांत राजधानी रेक्याविक येथें सूर्य चार-साडेचार तास दिसतो व रस्त्यावर बर्फ गोठलेला असतो. नवख्या हिंदी चालकाला तो अनुभव पहिल्याच खेपेस नको.

कागदपत्रांचें काम थोडक्यांत आटपतें. आपल्या परिवहन कचेरींतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. त्याची मुदत फार तर एक वर्षाची असते, आणि मूळ परवाना जवळ नसेल तर त्याला कांहीं किंमत नाहीं. अनामत रकमेसाठीं क्रेडिट कार्ड लागतें, व तें सामान्यतः चालकाच्याच नांवाचें असावें लागतें. मुलगा मोटार चालविणार आणि कार्ड वडिलांचें, अशा घोळांत कांहीं कुटुंबें विमानतळावरच अडकतात.

खरें लक्ष घालावयाचें तें विम्याकडे. मोटारीबरोबर मिळणारा साधा विमा धडकेच्या नुकसानीपुरता असतो, व त्यांतहि पहिली ठराविक रक्कम भाडेकऱ्यालाच सोसावी लागते. उडालेल्या खडीनें कांच तडकली, वाळूच्या वादळांत रंग खरवडून निघाला, तर त्यासाठीं बहुधा निराळा विमा घ्यावा लागतो. दोन गोष्टी तर बहुतेक ठिकाणीं कोणत्याच विम्यांत बसत नाहींत. एक, वाऱ्यानें उलटलेलें दार. दुसरी, नदी ओलांडतांना यंत्रांत शिरलेलें पाणी. म्हणून मोटार वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी आणि दार दोन्ही हातांनीं धरून उघडावें. मागें बसलेल्या मुलांना हें आधींच बजावून ठेवावें. देशाच्या अंतर्भागांतील डोंगरी वाटा चारहि चाकांना गति असलेल्या वाहनांसाठींच आहेत. पहिल्या प्रवासांत त्यांचें नांव काढूं नये. रस्ता सोडून मोटार मोकळ्या रानांत घालणें तर कायद्यानें गुन्हा आहे. तेथील शेवाळाला भरून येण्यास कित्येक दशकें लागतात.

आइसलंडमध्यें पूर्वीं आपल्यासारखेंच डावीकडून चालत; २६ मे १९६८ रोजीं सारा देश उजव्या बाजूस वळला. आपल्या माणसास हें उलटें वळण अंगवळणीं पडावयास एक-दोन दिवस तरी लागतात. गिअर आपोआप बदलणारी मोटार घ्यावी, म्हणजे निदान उजव्या हाताचा गोंधळ वांचतो. घसरण्याची जागा गजबजलेला चौक नव्हे, तर निर्मनुष्य रस्ता होय : चहा पिऊन निघालें कीं हात संवयीनें मोटार डावीकडे नेतात. शेजारीं बसणाऱ्यानें प्रत्येक वेळीं निघतांना "उजवीकडे" असें मोठ्यानें म्हणावें. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. दुपदरी वर्तुळ-चौकांत बाहेर पडतांना आंतल्या पदराच्या मोटारीला वाट द्यावयाची, हा तेथील विशेष नियमहि ध्यानांत ठेवावा.

दोन पदरांचा रस्ता पुलावर येऊन एकाच पदराचा होतो, अशीं स्थळें अद्याप पुष्कळ आहेत. जो पुलाच्या अधिक जवळ तो आधीं जातो, अशी रीत आहे. परंतु परक्यानें थांबून समोरच्यास जाऊं देणेंच बरें. २०१८ च्या डिसेंबरांत अशा एका पुलावरून मोटार कोसळून तीन प्रवासी मृत्युमुखीं पडले. उन्हाळ्यांत मेंढ्या मोकळ्या चरत असतात. मेंढी रस्त्याच्या एका अंगास व कोंकरूं दुसऱ्या अंगास दिसलें कीं वेग तत्काळ कमी करावा. तें कोंकरूं आईकडे धांवणारच. छायाचित्रासाठीं रस्त्यांतच मोटार उभी करण्याची खोड मात्र घरींच ठेवून जावें.

रोज सकाळीं रस्ते-खात्याच्या संकेतस्थळावर वारा व रस्ता पाहावा, आणि तांबडी खूण दिसल्यास मुक्काम वाढवावा. त्यासाठीं एक दिवस आरंभींच राखून ठेवलेला असावा. संकटाचा दूरध्वनि क्रमांक ११२ आहे. मदतीस येणारीं पथकें स्वयंसेवकांचीं असतात. मोटार ताब्यांत घेतांना व परत देतांना तिचीं चारहि बाजूंनीं छायाचित्रें काढावींत. केप्लाविकचा विमानतळ रेक्याविकपासून सुमारें ५० किलोमीटर दूर आहे. तेव्हां टांकी आदल्या सायंकाळींच भरून ठेवावी.