विनोदामागची लेखणी

जबलपूर म्हटलं की हरिशंकर परसाईंचं उपरोधिक लेखन आठवतं. विनोदाची अशी जाण असलेल्या या शहरातल्या मराठी श्रोत्यांसाठी आज ओळख एका मराठी विनोदकर्तीची, सई परांजपे यांची.

१९३८ साली जन्मलेल्या सईताईंचं पहिलं पुस्तक त्या आठ वर्षांच्या असताना छापलं गेलं. पुढे पुणे आकाशवाणीवर निवेदन, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण आणि मग दिल्ली दूरदर्शनवर निर्मिती. तिथलंच त्यांचं ‘धुआँ धुआँ’ हे दूरदर्शन-नाटक. त्यातूनच १९८१ सालचा ‘चश्मे बद्दूर’ हा चित्रपट उमलला. ‘कथा’ या चित्रपटात त्यांनी मुंबईची चाळ दाखवली, नळ, जिने, शेजार यांसकट.

१९८४ साली ‘अडोस पडोस’ आणि पाठोपाठ ‘छोटे बडे’ या मालिका त्यांनी दूरदर्शनसाठी केल्या. शेजारधर्म आणि घरातले रुसवेफुगवे यांतून हसू फुलवायचं, पण कुणाला हिणवायचं नाही, ही त्यांची रीत.

रोजच्या जगण्यातला असा विनोद दूर अमेरिकेतही दिसतो. तिथे य्वेट ली बाउझर या कृष्णवर्णीय लेखिकेची ‘लिव्हिंग सिंगल’ ही मालिका १९९३ साली आली. त्या मालिकेच्या केंद्रस्थानी मैत्रिणी आणि त्यांचं रोजचं जगणंच होतं. देश वेगळे, पण दोघींनी विनोद शोधला तो आपल्या माणसांत.

सईताईंना २००६ साली पद्मभूषण मिळालं. त्यांची सुरुवात लहानपणीच झाली होती; म्हणून आपल्या घरातल्या एखाद्या मुलीला गमतीदार गोष्टी सुचत असतील, तर तिच्या हाती वही जरूर द्या.